मधली काळी पट्टी

मी सोनोग्राफीचा प्रोब. डॉक्टर पोटावर गार जेल लावून मुठीएवढं जे काही फिरवतात ना, तोच. मशीनला लोक मशीन म्हणतात, डॉक्टरांना डॉक्टर म्हणतात, माझं नाव मात्र कुणी विचारत नाही. "ते टोचत नाही ना?" एवढीच काय ती माझी चौकशी. सध्या मी डोंबिवलीतल्या एका तपासणी केंद्रात, काउंटरच्या खालच्या खणात पडून आहे. माझी वायर गुंडाळून वर एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'खराब'. चिठ्ठी खोटी नाही. पण ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे चिनीमातीच्या जातीच्या एका पदार्थाची पातळ पट्टी घेऊन तिचे केसासारखे बारीक एकशे अठ्ठावीस तुकडे केले आणि एका रांगेत बसवले. त्यांना स्फटिक म्हणतात. त्यांचा स्वभाव औरच आहे. विजेचा झटका दिला की ते थरथरतात आणि आवाज करतात. उलट एखादा आवाज येऊन त्यांच्यावर आदळला की ते स्वतः वीज देतात. म्हणजे माझं तोंड आणि माझे कान एकच. पुढच्या बाजूला रबरासारखं मऊ भिंग लावलं आणि मागे एक जड, गच्च थर भरला. थरथर लगेच थांबावी म्हणून तो थर. बोलून झाल्यावर पटकन गप्प बसता आलं नाही तर समोरून आलेलं ऐकू कसं येणार? ही अक्कल माझ्या अंगात कारखान्यातच भरलेली होती. माणसांत ती फार थोड्यांकडे असते, हे मला पुढे कळलं.

माझा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. तुमच्या कानांची झेप सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. मी पस्तीस लाखांच्या पट्टीत बोलतो. एक छोटीशी हाक मारतो आणि गप्प होतो. हाक शरीरात शिरते. जिथे एक अवयव संपून दुसरा सुरू होतो, तिथून तिचा थोडा भाग मागे फिरतो. एक सेंटिमीटर आत जाऊन परत यायला तिला किती वेळ लागतो, माहीत आहे? एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले तेरा. वेळ कळली की खोली कळते. हाक किती जोरात परतली त्यावरून पडद्यावरचा ठिपका पांढरा की करडा हे ठरतं. पाण्यातून काहीच परतत नाही, म्हणून भरलेलं मूत्राशय काळं दिसतं. खड्यावरून जवळजवळ सगळं परततं, म्हणून खडा पांढराशुभ्र दिसतो आणि त्याच्यामागे सावली पडते.

हवा मात्र माझी जन्माची वैरीण. हवेपाशी पोहोचलेली हाक सगळीच्या सगळी उलट फिरते, पलीकडचं काहीच कळत नाही. कातडी आणि माझ्यामध्ये हवेचा पापुद्रा राहू नये म्हणून तुमच्या पोटावर ते चिकट जेल लावतात. पण आतड्यात वायू भरलेला असला तर जेल काय करणार? वायूच्या मागे काय आहे ते मला ऐकू येत नाही. येतच नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे.

माझी पहिली मालकीण होती डॉ. मंदाकिनी गुप्ते. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर त्यांचा छोटा दवाखाना होता. नवरात्रात खालच्या गर्दीने आणि स्पीकरने भिंती हादरायच्या, तेव्हा बाई खिडक्या लावून घ्यायच्या आणि पेशंटला सांगायच्या, "आज जरा जास्त वेळ लागेल हं." खरं तर त्यांना रोजच जास्त वेळ लागायचा. त्या मला कधी दाबून घुसवत नसत. हलके हलके दाब वाढवत, आतड्यातला वायू बाजूला सरकेपर्यंत थांबत. पेशंटला कुशीवर वळवत. कुणाला वीस मिनिटं चालून यायला लावत. मदतीला विनिता होती. जेल लावणं, पुसणं, म्हाताऱ्यांना टेबलावर चढवणं हे तिचं काम. दोघींच्या हातांत मी अकरा वर्षं राहिलो.

एकदा एका बँकेतल्या साहेबांनी दवाखान्यात आवाज चढवला. त्यांच्या रिपोर्टात बाईंनी लिहिलं होतं की वायूमुळे स्वादुपिंड दिसलं नाही, उद्या उपाशीपोटी परत यावं. साहेबांचं म्हणणं, तपासणीला आलो ते दिसण्यासाठी, नाही दिसलं हे लिहून घ्यायला नाही. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी साहेबांना बसवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला जे दिसलंच नाही, ते बरं आहे असं मी कसं लिहू?" साहेब पुटपुटत गेले आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आले. मला वाटलं होतं, जगात सगळीकडे असंच चालत असेल.

मग बाईंचं मनगट दुखायला लागलं. आयुष्यभर प्रोब धरणाऱ्यांचं दुखतंच. त्यांनी दवाखाना बंद केला आणि लेकीकडे, वल्लरीकडे, घोडबंदर रोडला राहायला गेल्या. रीतसर परवानग्या, अर्ज, सह्या होऊन मशीन डोंबिवलीच्या एका केंद्राने घेतलं. विनिता डोंबिवलीच्या शेजारीच कोपरला राहायची, तीही मशीनमागोमाग तिकडे नोकरीला लागली. निरोप देताना बाईंनी मला स्वतः पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि विनिताला बजावलं, याला टेबलावर ठेवू देऊ नकोस कुणाला, मशीनच्या खाचेतच ठेव.

डोंबिवलीच्या केंद्राचा मालक देवेश. माणूस वाईट नव्हता. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी असं सगळं एका छताखाली त्याने उभं केलं होतं आणि रांग लवकर पुढे सरकावी एवढाच त्याचा ध्यास होता. सोनोग्राफीला डॉ. साकेत यायचे. तरुण, हुशार, बोटं चपळ. सकाळी दोन तास इथे, मग लगेच कल्याणला दुसरीकडे. दोन तासांत बावीस-तेवीस पेशंट. मला वायू सरकण्याची वाट बघायची सवय, त्यांना वाट बघायला फुरसत नव्हती.

आणि त्यांच्या संगणकात एक साचा होता. पोटाच्या तपासणीचा तयार रिपोर्ट. त्यात सगळं आधीच लिहिलेलं: यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, स्वादुपिंड नॉर्मल, महाधमनी नॉर्मल. महाधमनी म्हणजे हृदयापासून निघून कण्यापुढून खाली पोटात उतरणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी. काही बिघाड दिसला तर ती ओळ बदलायची, नाही तर तशीच ठेवायची. सोय म्हणून वाईट नाही. पण त्या साच्यात 'दिसलं नाही' अशी ओळच नव्हती. मी वायूपुढे हात टेकलेले असायचे, मशीनच्या पडद्यावर नुसता धुरळा असायचा, आणि कागदावर उमटायचं, नॉर्मल. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं चूक झाली. शंभराव्यांदा झालं तेव्हा मला काय वाटलं ते सांगत नाही.

एका सकाळी साकेत डॉक्टरांनी मला खाचेत न ठेवता टेबलाच्या कडेला ठेवलं आणि फोन घ्यायला उठले. माझी वायर त्यांच्या खुर्चीच्या चाकात अडकलेली होती. खुर्ची मागे सरकली आणि मी तोंडावर फरशीवर आपटलो. त्यांनी उचलून पाहिलं, बाहेरून तडा नव्हता. पण माझ्या रांगेच्या मधले सत्तावीस स्फटिक मुके आणि बहिरे झाले होते. तेव्हापासून पडद्यावर चित्राच्या बरोबर मधोमध वरून खाली रुंद होत जाणारी एक काळी पट्टी दिसायला लागली.

साकेत डॉक्टरांनी देवेशला सांगितलं, हे खरं. एकदा नाही, दोनदा. देवेश म्हणाला, चित्र येतंय ना, दिवाळीनंतर बघू. दिवाळी गेली. दुरुस्तीवाल्याने येऊन सांगितलं की हा दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागेल. देवेश म्हणाला, मार्चनंतर बघू. तोवर साकेत डॉक्टरांना पट्टीची सवय झाली. मला थोडं तिरकं धरून ते आजूबाजूचं बघायचे आणि मधलं मनाने भरून घ्यायचे. माणसाचं मन फार चटकन भरून घेतं. माझी तगमग झाली ती यामुळे. मी तिथे ऐकत नव्हतो आणि ते तिथे ऐकू आल्यासारखं वागत होते.

जानेवारीतल्या एका सोमवारी काळुराम आले. सत्तरीला टेकलेले, काटक, काळेसावळे. खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी मिठागरात राबलेले, आता त्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यामुळे घरी बसलेले. बिडी मात्र सुटली नव्हती. सोबत सून कल्पिता होती. काळुरामांना सारखं लघवीला लागायचं आणि पंधरा दिवसांपासून कंबर दुखत होती. घरच्या डॉक्टरांनी पूर्ण पोटाची सोनोग्राफी लिहून दिली होती. उपाशी या म्हणून सांगितलेलं, पण ते चहा-बटर खाऊन आले होते. बाहेर बसायला जागा नव्हती आणि देवेश दोनदा दारातून डोकावून गेला होता.

विनिताने जेल लावलं. काळुरामांनी मान वर करून सांगितलं, "डाक्टर, माजे पोटान कायतरी उरतंय." पोटात काहीतरी उडतंय, असं ते म्हणत होते. साकेत डॉक्टर तेव्हा मूत्रपिंड मोजत होते. ते म्हणाले, हो काका, श्वास धरून ठेवा.

मग त्यांनी मला बेंबीच्या वर आणलं. तीन सेकंद, जास्तीत जास्त चार. वर वायू होता, मध्ये माझी मेलेली पट्टी. पण त्या चार सेकंदांत मला ते कळलं. माझ्या डाव्या अंगाचे जिवंत स्फटिक एक भिंत ऐकत होते. ती भिंत पुढे येत होती, मागे जात होती, पुन्हा पुढे. आणि प्रत्येक ठोक्याला मी स्वतः डॉक्टरांच्या हातासकट किंचित वर उचलला जात होतो. ही काही साधी नाडी नव्हती. खाली काहीतरी फुगलेलं होतं आणि ते भरत होतं. मला जे मिळालं ते सगळं मी मशीनला दिलं. काळ्या पट्टीच्या काठाला एक करडी कड दोनदा थरथरून गेली. साकेत डॉक्टरांची नजर त्या वेळी कीबोर्डवर होती. मी ओरडलो असं म्हणवत नाही. माझ्याजवळ एकच आवाज आहे, त्याच आवाजात मी बोललो.

ते मला खाली मूत्राशयाकडे घेऊन गेले. तिथली प्रोस्टेट ग्रंथी थोडी वाढलेली निघाली. साच्यातली ती एक ओळ बदलली. बाकी सगळं तसंच राहिलं. महाधमनी, नॉर्मल.

जेल पुसायला विनिता पुढे आली. तिने बेंबीच्या वर कागदी रुमाल ठेवला आणि तिचा हात थबकला. तिने तळहात तिथे ठेवून दिला. मग वळून हळूच म्हणाली की सर, इथे हाताला जोरात लागतंय. साकेत डॉक्टर पुढच्या पेशंटचा कागद वाचत होते. बारीक माणसाच्या पोटावर नाडी हाताला लागतेच, ते नॉर्मल असतं, असं त्यांनी सांगितलं. सांगितलं ते चूकही नव्हतं. बारीक माणसात ती लागते. पण त्यांनी उठून स्वतः हात लावला नाही. कल्पिता रिपोर्ट घेऊन सासऱ्यांना घरी घेऊन गेली.

दुपारी साकेत डॉक्टर कल्याणला निघून गेले. खोली रिकामी झाली. विनिताने टेबल पुसलं, मला पुसलं, चादर बदलली, पुन्हा टेबल पुसलं. मग ती स्टुलावर बसली आणि तिने मंदाकिनीबाईंना फोन लावला. सकाळचं सगळं सांगितलं. बाईंनी पलीकडून एकच प्रश्न विचारला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आला.

"तुझा हात नुसता वर उचलला जात होता, की दोन्ही बाजूंना ढकलला जात होता? आठवून सांग, घाई नाही."

विनिताने डोळे मिटले. "दोन्ही बाजूंना, मॅडम. रुमाल माझ्या बोटांमधून दोन्हीकडे ताणला जात होता."

बाईंनी सांगितलं की खालच्या नाडीचा नुसता ठोका वर पोचत असेल तर हात फक्त उचलला जातो, पण रक्तवाहिनीच फुगली असेल तर हात बाजूंना ढकलला जातो. ती फुटली तर हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही. त्यांना आजच परत बोलाव, मी निघते, तुमच्या डॉक्टरांचा नंबर दे.

विनिताने कल्पिताला फोन केला. आणि इथे जे झालं त्याने मला सगळ्यांत जास्त छळलं. काळुराम यायला तयार होईनात. गावात पुतण्याची हळद होती, ते मांडवात जाऊन बसले होते. कल्पिता त्यांना समजवायला गेली तर त्यांनी खिशातून रिपोर्ट काढून तिच्या हातात दिला. वाच, म्हणाले. सगलं नॉर्मल हाय. कागदावर सही हाय. मग कशाला नाचवता मना? कल्पिताने हे सगळं फोनवर विनिताला सांगितलं. तो कागद आमच्याच खोलीतून गेला होता. जी जागा मला नीट ऐकूही आली नव्हती, त्या जागेबद्दल तो कागद ठामपणे बोलत होता, आणि त्याच्यापुढे एका बाईच्या तळहाताला काही किंमत नव्हती.

शेवटी, हे कल्पिता नंतर विनिताला सांगत होती, काळुरामांची बायको ठमाबाई उठल्या. त्यांनी रिपोर्ट वाचला नाही, त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नवऱ्याजवळ जाऊन मांडवातच त्याच्या पोटावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग मुलाला, मितेशला, गाडी काढायला सांगितली. काळुराम काही म्हणायला लागले तर त्या म्हणाल्या, "कागद ऱ्हाऊ दे घरान. तू चल."

संध्याकाळी पाचला सगळे केंद्रात जमले. मंदाकिनीबाई घोडबंदरच्या कोंडीतून अडीच तासांनी पोहोचल्या होत्या. साकेत डॉक्टर कल्याणहून आले ते कपाळाला आठ्या घालूनच. देवेश काउंटरमागे उभा राहून कुणाकडेच बघत नव्हता. विनिताने सवयीने मला बाईंपुढे केलं. बाईंनी हात मागे घेतला. "इथे सोनोग्राफी करायला माझं नाव नोंदलेलं नाही. धरायचं डॉक्टरांनी," त्या म्हणाल्या.

पडद्यावरची काळी पट्टी त्यांना लगेच दिसली. त्यांनी साकेत डॉक्टरांना विचारलं की ही सावली आहे का. ते म्हणाले, नाही, प्रोबची आहे, जुनी आहे. बाईंनी मग एक साधी गोष्ट करायला लावली. टेबलावरच्या फायलीला लावलेली लोखंडी क्लिप काढून ती माझ्या भिंगावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची. साकेत डॉक्टरांनी सरकवली. जिथे स्फटिक जिवंत होते तिथे पडद्यावर उजेड थरथरला. मध्ये क्लिप आली आणि पडदा काळाच राहिला. क्लिप सरकत राहिली, काळं संपेना. एवढं रुंद असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी क्लिप मागे नेऊन पुन्हा सरकवली.

मग काळुरामांना गुडघे दुमडून झोपवलं. बाई एकेक सांगत गेल्या आणि साकेत डॉक्टर करत गेले. हलका दाब. आता थांबा. दाब सोडू नका, वायू जाऊ द्या. आता कुशीवर घ्या. प्रोब बाजूने लावा, मधले मेलेले सोडून कडेच्या जिवंत स्फटिकांसमोर ती जागा येऊ द्या. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्यासाठी थांबत होतं. वायू सरकला. माझी हाक आत गेली, आणि आतून उत्तर आलं.

एक मोठं काळं वर्तुळ, आतल्या बाजूला साकळलेल्या रक्ताचा करडा थर, आणि प्रत्येक ठोक्याला पसरणारी भिंत. डॉक्टरांनी रक्तप्रवाहाचं बटण दाबलं. वर्तुळ निम्मं लाल, निम्मं निळं झालं. माझ्याकडे येणाऱ्या रक्तावरून परतणारा आवाज जरा चढा असतो आणि दूर जाणाऱ्यावरचा जरा उतरलेला, त्या फरकाचे हे रंग. रक्त आत भोवऱ्यासारखं फिरत होतं. साकेत डॉक्टरांनी मोजलं. त्या जागी दोन सेंटिमीटर असायला हवं होतं. सहा पूर्णांक चार होतं.

त्यांनी मला खाचेत ठेवलं, नीट ठेवलं, आणि खुर्ची काळुरामांच्या डोक्याशी नेली.

"काका, सकाळी मी नॉर्मल लिहिलं ते चुकीचं होतं," ते म्हणाले. "मी तिथे नीट पाहिलंच नव्हतं. तुमच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. इथून थेट हॉस्पिटलात जायचंय, घरी नाही."

काळुरामांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मी तुला बोललेलू ना सकालीच," ते म्हणाले. एवढंच. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे साकेत डॉक्टरांना ते जास्त लागलं असावं.

रुग्णवाहिकेतून त्यांना ठाण्याला, माजिवड्याच्या पुढच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी मांडीतून तार वर सरकवून त्या फुगवट्याच्या आत एक कापडी नळी बसवली, म्हणजे रक्त नळीतून जाईल आणि भिंतीवर ताण येणार नाही. दोन आठवड्यांनी काळुराम घरी गेले. विनिता त्यांना बघून आली आणि मला पुसता पुसता कुणाला तरी सांगत होती की म्हाताऱ्याने बिडी सोडली आणि चिडचिड धरली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मला तरी तसंच वाटलं होतं.

काळुरामांना रुग्णवाहिकेतून नेलं त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, देवेशने साकेत डॉक्टरांना थांबवून घेतलं होतं. सकाळचा रिपोर्ट संगणकातून काढून टाकू, त्या जागी संध्याकाळचा ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं. एकाच तारखेचे दोन रिपोर्ट, एक नॉर्मल आणि एक असा. लोकांच्या हाती लागलं तर केंद्र बंद पडेल, इथे चौदा माणसं काम करतात. तो घाबरला होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती. साकेत डॉक्टर म्हणाले, "सकाळचा राहू दे. खोटा आहे, पण मी दिलेला आहे." त्यांनी नव्या रिपोर्टात खाली लिहिलं की सकाळच्या तपासणीत हा भाग दिसला नव्हता, तरी तो नॉर्मल असल्याचं लिहिलं गेलं. महिना संपला आणि देवेशने त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरे डॉक्टर येणार आहेत.

नवा प्रोबही आला. मार्चची वाट न बघता आला. देवेशने विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं: प्रोब खराब होता हो, त्याने घात केला, आता बदलला. मला खणात टाकलं आणि वर चिठ्ठी लावली. मी खराब होतो, मान्य आहे. सत्तावीस स्फटिक मेलेला प्रोब वापरूच नये. पण मी कुठे ऐकत नव्हतो ते मी लपवलं नव्हतं. पडद्याच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, काळ्या अक्षरांत मी ते रोज दाखवत होतो. 'नॉर्मल' मी लिहिलं नव्हतं.

मे महिन्यात काळुराम पुन्हा आले, प्रोस्टेट किती वाढलीय ते बघायला. सोबत कल्पिता. नवा प्रोब, नवे डॉक्टर, आणि रांग तेवढीच. मी खणात होतो, काउंटरच्या फळीच्या फटीतून थोडंफार दिसत होतं, बोलणं कानावर येत होतं. रिपोर्ट छापून बाहेर आला. कल्पिताने तो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला. मग ती काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "यात महाधमनी नॉर्मल लिहिलंय. माझ्या सासऱ्यांच्या महाधमनीत जानेवारीत नळी बसवलीय."

देवेशने कागद हातात घेतला. कल्पिता समोरच्या खुर्चीवर बसली. दुरुस्त केल्याशिवाय मी जात नाही, असं तिने सांगितलं आणि खरंच गेली नाही. एक तास बसली. विनिता आत जाऊन डॉक्टरांशी काहीतरी बोलली, आतून त्यांचा चढलेला आवाज आला, मग शांत झाला. शेवटी नवा कागद आला, तो कल्पिताने मोठ्याने वाचला. त्यातून ती ओळ काढून टाकलेली होती. तपासलं असंही नाही, तपासलं नाही असंही नाही. नुसती ओळ काढलेली. कल्पिता उठली आणि सासऱ्यांना घेऊन निघाली. जाताना तिने देवेशला विचारलं की बाकीच्यांच्या कागदातही असंच छापून येतं का. देवेश म्हणाला, आता तर प्रोब नवा आहे.

तिच्यामागे रांगेत असलेल्या बाईंचा रिपोर्ट पाच मिनिटांनी छापून आला. देवेशने तो पाकिटात घालून त्यांच्या हातात दिला. आत काय होतं ते मला दिसलं नाही, म्हणून मी सांगणार नाही.

येत्या सोमवारी जुन्या यंत्रांचं भंगार गोळा करणारी गाडी येणार आहे. माझं नाव त्या यादीत आहे. एकशे एक स्फटिक अजून जिवंत आहेत, वीज दिली तर आजही हाक मारतील आणि गप्प बसून ऐकतील. पण मला आता कुणाच्या पोटावर फिरायचं नाही. आंधळ्या पट्टीसकट तर नाहीच.

तुम्हाला मात्र एक विनवणी करायची आहे. तुम्ही कधी ना कधी त्या टेबलावर झोपाल. सांगितलं असेल तर उपाशी या, पाणी प्या म्हटलं तर प्या. पोटात कुठे काही जाणवत असेल तर ते सांगा, आणि कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मग जेल पुसून उठताना, रांग कितीही मोठी असली तरी, एकदा विचारा, "डॉक्टर, सगळं नीट दिसलं का?"

आणि त्यांनी "नाही, एवढा भाग दिसला नाही, परत या" असं सांगितलं, तर रागावू नका. त्या माणसाने तुमचं खरोखर ऐकलेलं असतं.